कलम ४.७

जुलै. आमच्याकडे ऐन थंडी.
दरीत धूर असा बसलाय की
समोरच्या डोंगराची नुसती अफवा उरली आहे.
शाळेत कवायत बंद, हवेचा इशारा लाल,
आणि नगरपालिकेच्या सभागृहात, लाकडाच्या शेगडीभोवती,
आम्ही ठरवतोय
नव्या ग्रंथालयाला काय काय यायला हवं.

सान्तियागोहून आलेल्या माकारेना उंदुर्रागा बाई
भिंतीवर तक्ता टाकतात.
चौरस मीटरला वर्षाकाठी चाळीस युनिट, त्यापुढे नाही.
बाहेर उणे बारा असताना आत वीस अंश.
दारं लावून घ्यायची, पंख्याने हवा भरायची
आणि मोजायचं, तासाभरात किती पळते.
"इमारत म्हणवून घेण्याआधी
तिने एकदा श्वास रोखून दाखवावा."
मी इतिवृत्तात लिहितो : हवाबंदपणा, चाचणीसह.
श्वास गाळतो. इतिवृत्तात उपमा बसत नाहीत.

बार्रिएन्तोस, लाकूड विकणारा, हात वर करतो :
धूर नको, तर मग मी काय विकू?
कुणी हसत नाही. त्याच्या ट्रकचे हप्ते सगळ्यांना ठाऊक आहेत.
बाई म्हणतात, लेंगाचं लाकूड जाळायचं नाही, उभं करायचं.
खांब, तुळया, सगळं दोनशे किलोमीटरच्या आतलं.
तो बोटांवर काहीतरी मोजतो.
हिशेब जुळला की नाही, ते मिशीत राहतं.

तक्त्यात पहिला रकाना : आवश्यकता.
दुसरा : कशी तपासणार.

तेवढ्यात एदुविना चिगुआय,
जी सभेत नव्हतीच, शेगडीतली राख काढायला आली होती,
बादली खाली ठेवून म्हणते :
व्यायामशाळेच्या खिडक्या लिहा की.

व्यायामशाळेला राजधानीत बक्षीस मिळालं होतं.
उंच खिडक्या, हवा आपोआप खेळेल अशी रचना,
नकाशात निळे बाण.
अकरा वर्षांत त्या एकदाही उघडल्या नाहीत.
दांडा होता, तो पहिल्याच हिवाळ्यात मोडला.
शिडी होती, ती अग्निशमन दलाने उसनी नेली.
भिंतीवर बुरशी चढली, एदुविनाने पुसली,
पुन्हा चढली, पुन्हा पुसली.
निळे बाण ज्याने काढले त्याला तिचं नाव माहीत नाही.
तिला त्याचं पाठ आहे,
दाराची पितळी पाटी तीच घासते.

बाई पेन खाली ठेवतात.
विचारतात, तुमचा हात कुठवर पोचतो?

एदुविना चौकटीला पाठ लावून उभी राहते,
लहानपणी उंची मोजायला उभं राहतात तशी,
आणि उजवा हात वर करते.
खांद्यात काहीतरी कटकन वाजतं.
"अजून थोडा जाईल," ती म्हणते.
"नको," बाई म्हणतात. "रोज जाईल तेवढाच."

पेन्सिलची रेघ. एक मीटर एकोणऐंशी.

कलम ४.७ : उघडणारी प्रत्येक खिडकी, प्रत्येक झडप,
काढून धुवायची प्रत्येक गाळणी
या उंचीच्या आत, शिडीवाचून, एका हाताने.
कशी तपासणार, तिथे मी आधी लिहिलं "टेपने".
मग ते खोडून :
"एदुविना चिगुआय, किंवा तिच्या जागी जी असेल ती."
वकिलाने पुढे त्याचं "प्रातिनिधिक वापरकर्ता" केलं.
आकडा मात्र राहिला.
चौकट राहणार नाही, हे सभागृह वसंतात पाडायचं आहे.

घरी आलो तर शेगडी विझलेली.
लाकूड ओलं, बार्रिएन्तोसचंच.
फुंकून फुंकून डोळ्यांना पाणी आलं, तेव्हा उठलो,
खिडकीच्या कडीला हात पोचतो का पाहिलं.
सहज पोचला.
बाहेर माझ्याच धुराड्याचा धूर
आत येऊ का म्हणून उभा होता.